गच्चीवरचे ऊन आणि जिन्याखालची बॅटरी

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि काचीगुड्यातील आमच्या गल्लीत कडुनिंबाची एक जुनी फांदी विजेच्या तारांवर कोसळली. सात वाजून गेले होते. गेलेली वीज परत आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर. हैदराबादेत जन्म काढलेल्यांस अंधाराचे नवल नाही. २०१२-१३ च्या सुमारास वीज जाण्याचे वेळापत्रक पाहूनच घरोघरी गिरणी, मिक्सर आणि इस्त्रीची कामे उरकली जात, हे वाचकांस स्मरत असेल. परंतु त्या रात्री आमच्या घरात अंधाराची भीती नव्हती. भीती होती ती एका गादीची.

आमच्या मातोश्री खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणास खिळून आहेत. वय चौऱ्याऐंशी. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्यासाठी हवेची गादी आणली. तिच्यात नळ्यांसारखे आडवे कप्पे असतात आणि खाटेस लटकवलेला एक लहानसा पंप एकाआड एक कप्पे भरतो व रिकामे करतो. त्यामुळे अंगाच्या एकाच भागावर सतत दाब पडत नाही व पाठीस जखमा होत नाहीत. पंप केवळ सात वॅटचा आहे. पण सात वॅट झाले तरी ती वीजच. घरातील इन्व्हर्टरची बॅटरी सहा वर्षांची, तिने रात्री अकरा वाजता मान टाकली. बारापर्यंत गादीतील हवा निघून गेली व तिची नुसती चादर झाली. सौ. आणि आम्ही आळीपाळीने जागून दर तासाला मातोश्रींना कुशीवर वळवीत राहिलो. चौथ्या दिवशी माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. त्याची जखम झाली आणि ती भरून येण्यास पाच आठवडे लागले.

त्या पाच आठवड्यांतच आम्ही ठरविले, की या गादीपुरती वीज तरी आपल्या हाती असावी.

आपल्या वस्तीत आज अशी घरे पुष्कळ आहेत. मुले पुण्यास, बंगलोरला, नाही तर अमेरिकेत. घरात वडीलधारी दोन माणसे, त्यांपैकी एक अंथरुणावर. म्हणून आमचा हा खटाटोप जसा घडला तसा सांगतो, चुकांसकट.

पहिला प्रश्न सर्वांनी विचारला तो हा, की सरकारी अनुदान घेऊन साऱ्या घरासच सौर वीज का घेत नाही? पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ साली सुरू झाली व तीत तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेस ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, हे खरे. विजेचे बिल कमी करण्यास ती उत्तम. परंतु ही यंत्रणा सामान्यतः बॅटरीवाचून, विजेच्या तारांशी जोडूनच चालते, आणि रस्त्यावरची वीज गेली की ती स्वतः होऊन बंद पडते. तसे करणे भागच असते. नाही तर खांबावर चढलेल्या माणसास आपल्या गच्चीवरून गेलेल्या विजेचा धक्का बसेल. म्हणजे भर दुपारी डोक्यावर सूर्य तळपत असतानाही घरात अंधार. आम्हांस तर रात्रीची तजवीज हवी होती. तिला बॅटरीशिवाय गती नाही.

तेव्हा कोठीच्या गुजराती गल्लीत दोन खेपा घालून सामान जमविले. शंभर वॅटचे छत्तीस घरांचे एक पॅनेल, चाळीस अँपिअर-तासांची, पाणी घालावयाची बारा व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी, दहा अँपिअरचा साधा चार्ज कंट्रोलर आणि बारा व्होल्टवरून घरगुती वीज करणारा लहान इन्व्हर्टर. दुकानदाराने तार दाखविताना बजावले, “पतला वायर नक्को साहब, चार एमएम लेके जाव.” दखनीतला हा ‘नक्को’ मूळचा आपला ‘नको’च. पण आपल्याच भाषेतला सल्ला आम्ही मानला नाही. घरात दीड एमएमच्या तारेचे अर्धे भेंडोळे शिल्लक होते आणि काटकसर हा आमचा जुना रोग. त्याची किंमत पुढे येईलच.

पॅनेल कोठे ठेवावे, याचा निर्णय आमच्या कल्पनेप्रमाणे होकायंत्र घेऊन व्हावयाचा होता. हैदराबाद सुमारे साडेसतरा उत्तर अक्षांशावर आहे. तेव्हा तोंड दक्षिणेस व कलंड सतरा-अठरा अंशांची, इतके पुस्तकी ज्ञान आम्हांस होते. गच्चीची नैऋत्य बाजू आम्ही मुक्रर केली आणि खाली येऊन मातोश्रींना सांगितले. त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, “तिथे नको रे. टाकीची सावली येते. तीन वाजले की त्या कोपऱ्यातल्या कुरडया ओल्या राहायच्या. तुळशीच्या पलीकडे, कठड्यापासून दोन हात सोडून घाल. तिथे सकाळी आठपासून ऊन असतं.” त्या गच्चीवर चढल्यास तीन वर्षे झाली होती. पण चाळीस उन्हाळे कुरडया, सांडगे आणि पापड वाळवून ऊन कोणत्या महिन्यात कोठवर सरकते, याचा नकाशाच त्यांच्या मनात होता. आम्ही एका रविवारी दर तासाला खडूने सावल्यांच्या रेघा मारून पाहिल्या. त्यांचे म्हणणे वीतभरही चुकले नाही.

सावलीस एवढे महत्त्व का, ते आम्ही नंतर हातानेच करून पाहिले. पॅनेलमधील छत्तीस घरे माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात. प्रत्येकाचा दाब जेमतेम अर्ध्या व्होल्टचा, पण प्रवाह मात्र साऱ्यांतून एकच वाहतो. भर उन्हात प्रवाह ५.२ अँपिअर असता आम्ही केवळ एका घरावर वहीचा पुठ्ठा धरला. छत्तिसांपैकी पस्तीस घरे लख्ख उन्हात, तरी काटा अर्ध्या अँपिअरच्याही खाली आला! पॅनेलच्या आत अशा वेळी वाट काढून देणारे डायोड असतात. परंतु ते पॅनेलचा निम्मा भागच वगळून टाकतात आणि उरलेल्या अठरा घरांचा दाब बारा व्होल्टच्या बॅटरीत वीज ढकलण्यास पुरत नाही. वाळत घातलेल्या लुगड्याचा एक पदर पुरेसा आहे, असे समजावे.

जोडणीच्या दिवशी विवेक वर्धिनीत अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकविलेले आमचे एक स्नेही मल्टिमीटर घेऊन आले. त्यांची शिस्त अशी, की काहीही जोडण्यापूर्वी प्रत्येक वस्तू सुटी तपासावयाची. पॅनेलच्या पाठीवरील पट्टीत मोकळा दाब २२ व्होल्ट लिहिला होता, मीटरने २०.३ दाखविला. आम्ही दुकानदारास शिव्या देण्याच्या बेतात होतो. स्नेह्यांनी थांबविले. पट्टीवरचे आकडे पंचवीस अंश तपमानाचे असतात आणि तेही पॅनेलच्या स्वतःच्या, हवेच्या नव्हे. उन्हात तासभर पडलेले पॅनेल फेब्रुवारीतही पन्नास अंशांस पोचते व प्रत्येक अंशामागे दाब थोडा थोडा उतरतो. मे महिन्यात ते पासष्ट-सत्तर अंशांस जाते, तेव्हा हाच मोकळा दाब आम्हांस १९ च्या आसपास आढळला. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, ही आमची समजूत निम्मीच खरी निघाली. सौर पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते.

दुसरा भ्रम शंभर वॅटचा. साधा कंट्रोलर पॅनेलास बॅटरीच्याच दाबावर ओढून आणतो. साडेपाच अँपिअर आणि तेरा व्होल्ट यांचा गुणाकार केला तर सत्तरच वॅट होतात. उरलेले तीस कोणी खाल्ले नाहीत. ते आपल्या हाती येतच नाहीत. महाग कंट्रोलर त्यांतील बरेचसे मिळवून देतो. पण सात वॅटच्या पंपासाठी तो खर्च आम्हांस योग्य वाटला नाही.

जोडताना क्रम महत्त्वाचा. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल; सोडविताना आधी पॅनेल. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावरच फ्यूज घातला. लहानशी दिसणारी ही बॅटरी चुकून पान्याने दोन्ही टोके जोडली गेली तर लोखंड तापवून लाल करू शकते. बॅटरी ठेवण्यास आम्ही देवघरालगतचे लाकडी कपाट योजले होते. सौ.ने विचारले, “तिच्यातून वास येतो म्हणता, मग शेजारी नंदादीप कसा चालेल?” प्रश्न अगदी बिनतोड होता. भरत आलेल्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि बंद जागेतील हवेत तो शेकडा चार भागांवर गेला की ठिणगीने पेटू शकतो. बॅटरी जिन्याखाली, जाळीच्या दाराआड गेली. तेथे वारा खेळतो व दिवा लावीत नाहीत.

आता खरी परीक्षा. नव्या बॅटरीवर चाळीसचा आकडा छापलेला असतो. त्यातून प्रत्यक्षात किती मिळते, हे कोणी पाहत नाही; पाहिले जाते ते संकटाच्या रात्रीच. आम्ही बॅटरी पुरी भरली, हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२४० च्या आसपास असल्याची खात्री केली व मोटारीचे दोन लहान बल्ब जोडून सकाळी सहाला परीक्षा सुरू केली. प्रवाह ३.४ अँपिअर. दर तासाला आकडा भिंतीवरील कालनिर्णयाच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहीत गेलो. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी दाब १०.८ वर आला, तेव्हा बल्ब सोडविले. हिशेब झाला बत्तीस अँपिअर-तासांचा. छापलेल्या आकड्यास आठ कमी. स्नेही म्हणाले, काही वेळा भरल्या-उतरल्यावर नवी बॅटरी खुलते, महिन्याने पुन्हा पाहा. महिन्याने छत्तीस भरले. बॅटरी रोज निम्म्याहून अधिक उतरवू नये, असा जाणत्यांचा सल्ला आहे. तेव्हा आमच्या हाती खात्रीचे अठरा होते.

अठरा म्हणजे किती तास? पंप सात वॅटचा, बॅटरी साडेबारा व्होल्टची. प्रवाह अर्ध्या अँपिअरहून किंचित अधिक यावयास हवा, म्हणजे तीस तासांची निश्चिंती. मीटर लावला तो १.१ अँपिअर! आम्ही पंप काढून नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला. काहीही काम नसताना तो एकटा ०.४५ अँपिअर खात होता. उरलेली खोट विजेचे रूपांतर करताना पडत होती. पाहुण्यापेक्षा गाडीवानाचेच जेवण जड, तशातला प्रकार. तीस तासांचे सोळा झाले. हा आकडा कोणत्याही पत्रकावर आम्हांस सापडला नव्हता.

इन्व्हर्टरचा आणखी एक दोष मातोश्रींनी काढला. तो स्वस्त जातीचा, चौकोनी लाटेचा होता. त्यावर पंप चालू करताच त्या म्हणाल्या, “हा भुंग्यासारखा का गुणगुणतोय? रोज असा नाही करत.” पंपास हात लावून पाहिला तर नेहमीपेक्षा गरम. चुंबकाने थरथरणाऱ्या असल्या पंपास घरच्या विजेसारखी गोलाईची लाट लागते. इन्व्हर्टर बदलून आणला. दुसराही तेवढेच खातो, पण गुणगुणत नाही.

महाशिवरात्रीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सारे सुरळीत चालले. रात्री दहा ते सकाळी सहा गादी याच विजेवर ठेवावी, म्हणजे यंत्रणा रोज तपासली जाईल, असा आमचा परिपाठ होता. रात्रीचे नऊ अँपिअर-तास खर्च, दिवसाची कमाई वीस-बावीस. मग चैत्र संपता संपता हायड्रोमीटर १.२१० दाखवू लागला. ऊन तर रोज वाढते, आणि बॅटरी मात्र भरेना. पॅनेलवर धूळ होती ती पुसली, तेवढ्याने पाव अँपिअर वाढला. दुपारी बाराला पाच अँपिअर येत असत, तेथे आता चारही भरेनात. शेवटी स्नेह्यांनी एक मीटर गच्चीवर व एक जिन्याखाली लावण्यास सांगितले. सौ. वर, आम्ही खाली. वरून हाक आली, “पंधरा पूर्णांक दोन.” खाली तेरा पूर्णांक आठ. मधले १.४ व्होल्ट कोठे गेले? तारेत. पंधरा मीटर जाण्याचे व पंधरा येण्याचे, अशी तीस मीटर दीड एमएमची तार तो दाब गिळत होती. फेब्रुवारीत पॅनेल थंड असल्याने दाबाची शिल्लक होती, ती या चोरीस पुरत होती. उन्हाने पॅनेलचा दाब उतरला आणि चोरी उघडी पडली. छत्तीस घरांच्या पॅनेलास अठरा व्होल्ट देण्यात कारखानदारांचा हेतू हाच असतो, की उन्हाळ्यात तीन व्होल्ट उतरले तरी बॅटरीपुरते उरावे. ती शिल्लक आम्ही जुन्या भेंडोळ्यावर उधळली होती.

गुजराती गल्लीत पुन्हा गेलो. दुकानदार काही बोलला नाही. चार एमएमची तार मोजून दिली आणि हसला. तार बदलल्यावर पाच अँपिअर पुन्हा दिसू लागले व आठवड्याने १.२४० परत आला. हे आणखी महिना-दीड महिना लक्षात आले नसते, तर अर्धपोटी राहून राहून बॅटरीच्या पत्र्यांवर गंधकाचे पांढरे पुट घट्ट बसले असते आणि ती वर्षभरातच निकामी झाली असती. या साऱ्या संसारात दुबळी असते ती बॅटरीच. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने सोडलेल्या व्हॅन्गार्ड या चिमुकल्या उपग्रहावर दोन प्रेषक होते. बॅटरीवरचा त्याच जूनमध्ये मुका झाला, सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. आमच्या जिन्याखाली त्याहून निराळे काही घडणार नाही, हे जाणून दर पौर्णिमेस आम्ही सहाही कप्प्यांत बॅटरीचे पाणी पाहतो. विहिरीचे किंवा नळाचे चालत नाही.

पावसाळ्याचे आकडे थोडक्यात देतो. आषाढ-श्रावणातील दाट ढगांच्या दिवशी कमाई सात-आठ अँपिअर-तासांवर येते. असे लागोपाठ तीन दिवस गेले की आम्ही पंप रात्रीही घरच्या विजेवर ठेवतो व बॅटरी राखून ठेवतो. गंमत म्हणजे वर्षातील सर्वांत मोठा आकडा, ६.२ अँपिअर, आम्हांस ऑगस्टमध्ये दिसला. ढगांच्या कडेवरून परावर्तित झालेला उजेड आणि सरळ ऊन एकदम पडले म्हणजे असे क्षणभर होते. मे महिन्याच्या नवव्या-दहाव्या तारखेस आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी आपल्या शहरात मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नातवंडे सुटीत आली असतील तर त्यांना तुळशीजवळ उभे करून हे अवश्य दाखवावे.

एक इशारा मात्र देणे अवश्य आहे. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र चालते त्यांनी आमच्या या तुटपुंज्या व्यवस्थेवर विसंबू नये. पाच लिटरचे तसले यंत्र तीनशे वॅटच्या वर खाते. ही बॅटरी त्यास तासभरही धड पुरणार नाही. तेथे सिलिंडर आणि मोठी व्यवस्थाच हवी, आणि ती डॉक्टरांना विचारून.

यंदाच्या मे महिन्यात वळवाचा पाऊस पुन्हा आला. संध्याकाळी सात चाळीसला वीज गेली. वारा असा, की पॅनेलच्या पायाशी ठेवलेले सिमेंटचे ठोकळे तरी धरतील की नाही, या विचाराने आम्ही दोनदा गच्चीवर जाऊन आलो. गच्ची गळू नये म्हणून आम्ही स्लॅबला भोके पाडली नव्हती. मातोश्रींच्या खोलीत तीन वॅटचा एक दिवा आणि पंप, एवढेच चालू ठेवले. दहाला १२.५, दोनला १२.३. त्यानंतर आम्हांस झोप लागली. सहाला जाग आली, तेव्हा पंपाचा नेहमीचा मंद आवाज येत होता आणि मीटरवर १२.२ होते. आठ वाजता पॅनेलने पहिला एक अँपिअर दिला. वीज आली ती दहा वाजून दहा मिनिटांनी. साडेचौदा तासांचा खर्च अठरा अँपिअर-तास. कालनिर्णयाच्या मागे लिहिला आहे.

अंग पुसताना सौ.ने पाठ नीट पाहिली. चट्टा नव्हता. मातोश्रींनी विचारले, “रात्री लाइट गेले होते का रे? आणि गच्चीवरची ती पाटी उडाली नाही ना? तिच्या बाजूला यंदा थोड्या कुरडया घालता येतील.”